थंडी बेताचीच असेल तर पूल बंद करावा की कमी वेळ चालू ठेवावा?

निळाकाठ

नमस्कार. घरचा पूल १० मीटर बाय ४ मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे पाणी साधारण ५०,००० लिटर. आतून सिमेंटचं प्लास्टर, काठाला टाइल्सची एक पट्टी. सँड फिल्टर, एकाच वेगाचा पंप (ताशी सुमारे १० घनमीटर), मिठाचा क्लोरिनेटर आणि छपरावर सोलर पॅनेल.

थंडी फार नसते. पाणी उतरून उतरून १० अंशांपर्यंत येतं आणि मोजक्याच रात्री हवा शून्याला टेकते. पुढचे तीन-चार महिने पोहायला कोणी उतरणार नाही. वाचायला मिळतं ते सगळं बर्फाच्या प्रदेशांसाठी लिहिलेलं: पाइप फुंकून रिकामे करा, बुचं मारा, कव्हर टाका, थंडी संपल्यावर उघडा. एवढं सगळं करायची खरंच गरज आहे का?

आजचे आकडे: पीएच ७.६, अल्कलिनिटी (पीएच सांभाळणारे क्षार) ९०, कॅल्शियम हार्डनेस २००, स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन उडू नये म्हणून घालतात ते) ३०, फ्री क्लोरीन (कामाला शिल्लक असलेलं) ४, मीठ ४,००० पीपीएम. पाणी १९ अंश. पंप किती तास आणि कोणत्या वेळी चालवायचा, पाण्यात आत्ता काय घालायचं, आणि पॅनेल व क्लोरिनेटरच्या सेलचं (मिठापासून क्लोरीन बनवणारा भाग) काय करायचं, हे नेमकं सांगाल का?

---

गाळणीवाला

बंद करू नका. पाइप रिकामे करायचे ते आतलं पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून. तुमच्याकडे जमिनीखालच्या पाइपांपर्यंत थंडी पोचतच नाही. उलट मधूनच आठवडाभर ऊन पडलं की पाणी १६-१७ अंशांवर जातं आणि बंद पूलमध्ये शेवाळ धरतं. तुम्हाला कळेपर्यंत पाणी हिरवं झालेलं असतं.

पण 'कमी वेळ चालू' वर जाण्याआधी पूल खरोखर स्वच्छ हवा. दिसायला स्वच्छ असून भागत नाही. आधी जाळीने पानं काढा, मग भिंती, पायऱ्या आणि शिडीच्या मागची जागा ब्रशने घासा. शिडीचे पाय जिथे भिंतीला टेकतात तिथे पाणी जवळजवळ फिरत नाही. शेवाळाची पहिली चिकट साय बहुतेक तिथेच लागते, बोट फिरवलं की कळते. नंतर तळ व्हॅक्यूम करा. गाळ बारीक आणि भरपूर असेल तर व्हॅक्यूम वेस्टवर लावून बाहेर सोडा, फिल्टरमधून नेऊ नका. मग बॅकवॉश, म्हणजे वाळूतून पाणी उलटं सोडून धुणं: फिल्टरच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण २ ते ३ मिनिटं, आणि त्यानंतर रिन्स (पाणी सुलट सोडून पण बाहेर टाकणं) अर्धा ते एक मिनिट. रिन्स टाळला तर उसवलेला गाळ पहिल्याच फेरीत परत पूलमध्ये येतो. मल्टिपोर्टची (फिल्टरचे मोड बदलणारा वॉल्व) मूठ फिरवताना पंप बंदच हवा, नाहीतर आतला स्पायडर गॅस्केट फाटतो आणि मग फिल्टर मोडवर असतानाही वेस्टच्या पाइपातून पाणी ठिबकत राहतं.

बॅकवॉशनंतरचा प्रेशर गेजचा आकडा लिहून ठेवा. पुढचा बॅकवॉश त्यापेक्षा ०.५ ते ०.७ बार चढल्यावर, आधी नाही. मात्र थंडीत हा मूळ आकडाच थोडा वर सरकतो. १० अंशांचं पाणी २८ अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपट चिकट असतं, त्यामुळे तीच वाळू तेवढंच पाणी सोडायला जास्त दाब घेते. उन्हाळ्यातला आकडा धरून बसलात तर विनाकारण बॅकवॉश कराल आणि दर वेळी शेकडो लिटर तयार पाणी घालवाल.

पंप रोज ३ ते ४ तास पुरे. तुमचं सगळं पाणी एकदा फिरायला ५ तास लागतात, पण पाणी थंड आणि पूल रिकामा असताना रोज पूर्ण फेरी हवीच असं नाही. पानगळ किंवा वारा असेल त्या दिवसांत स्किमरला (पृष्ठभागावरचं पाणी आणि पानं ओढणारं तोंड) काम करू द्या, म्हणजे ५ ते ६ तास. टोपली रोज बघा. पानांनी भरलेली टोपली पंपाचं पाणी तोडते, आणि कोरडा चाललेला पंप आधी मेकॅनिकल सील जाळतो.

पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर ठेवा. थंडीसाठी पातळी खाली आणायचा सल्ला पूल बंद करणाऱ्यांसाठी आहे. पंप चालू ठेवून पातळी उतरवली तर स्किमर हवा ओढणार.

---

साडेसात_पीएच

यंत्रांचं वर आलंच आहे, मी पाण्याबद्दल लिहिते. थंडीत पूलचं खरं नुकसान प्लास्टरचं होतं, आणि ते हळूहळू होत असल्यामुळे कोणी बघत नाही. कॅल्शियम कार्बोनेट गार पाण्यात जास्त विरघळतं. उन्हाळ्यात तोललेलं पाणी १० अंशांवर भुकेलं होतं आणि कॅल्शियम प्लास्टरमधून घेतं. मग उन्हाळ्यात पायाला तळ खरखरीत लागतो.

हिशेब लँगेलियर निर्देशांकाने करतात. पाणी कॅल्शियम विरघळवेल (वजा) की थर धरेल (अधिक) ते तो सांगतो. पीएच, तापमानाचा घटक, कॅल्शियमचा घटक आणि अल्कलिनिटीचा घटक यांची बेरीज करायची आणि साध्या पूलला १२.१ वजा करायचे. मिठाच्या पूलमध्ये विरघळलेले क्षार जास्त, म्हणून तुमच्या ४,००० पीपीएमला १२.४ वजा करा. अल्कलिनिटीतून आधी स्टॅबिलायझरचा एक तृतीयांश काढा, म्हणजे तुमचे ९० चे ८० राहतात. आता २८ अंशांवर: ७.६ + ०.७ + १.९ + १.९ − १२.४ = −०.३, चालून जातं. १० अंशांवर तापमानाचा घटक ०.७ वरून ०.३ वर येतो आणि उत्तर −०.७. हे प्लास्टर खाणारं पाणी. −०.३ च्या वर राहायचं आहे.

त्यासाठी तीन गोष्टी. कॅल्शियम ३०० वर न्या, अल्कलिनिटी ११० वर न्या, आणि पीएच ७.८ पर्यंत चढू द्या, ॲसिड घालून खाली ओढू नका. मग १० अंशांवर ७.८ + ०.३ + २.१ + २.० − १२.४ = −०.२.

मात्रा तुमच्या ५०,००० लिटरसाठी: अल्कलिनिटी १० पीपीएम वाढवायला सोडिअम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, ८४० ग्रॅम. तुम्हाला २० वाढवायची आहे, तेव्हा १.७ किलो. कॅल्शियम १०० वाढवायला ७७ टक्क्यांचे कॅल्शियम क्लोराइड फ्लेक्स ७.३ किलो. हे एकदम टाकू नका. १५ लिटरच्या बादलीत आधी पाणी घ्या, त्यात अडीच किलो फ्लेक्स सोडा (उलटं करू नका, विरघळताना चांगलंच तापतं), आणि पंप चालू असताना खोल बाजूला फिरून ओता. उरलेलं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सोडा आणि कॅल्शियम एकाच दिवशी घातलंत तर पाणी दुधाळ होतं. सोडा आधी, कॅल्शियम दुसऱ्या दिवसापासून.

फायबरग्लास किंवा व्हिनाइल लायनरचा पूल असता तर कॅल्शियमच्या मागे एवढं लागले नसते.

क्लोरीन: स्टॅबिलायझर ३० असताना फ्री क्लोरीन ३ च्या खाली जाऊ देऊ नका. थंडीत ऊन कोवळं आणि शेवाळ सुस्त, त्यामुळे खप दिवसाला अर्धा ते एक पीपीएमवर येतो, पाणी १० च्या आसपास गेलं की आणखी कमी. ताज्या १२ टक्क्यांच्या लिक्विड क्लोरीनचे ४२० मिली तुमच्या पूलला १ पीपीएम देतात. जुना कॅन अर्ध्या ताकदीवरही आलेला असतो, तेव्हा घातल्यावर तासाभराने मोजून बघा. ओतायचं ते सूर्य मावळल्यावर, रिटर्न जेटच्या तोंडासमोर, पंप चालू असताना.

वेळ कमी करण्याआधी रात्रीची चाचणी करा. अंधार पडल्यावर फ्री क्लोरीन मोजा, सेल बंद ठेवा, पंप चालू. सकाळी पाण्यावर ऊन पडण्याआधी परत मोजा. रात्रीतून १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं तर पाण्यात काहीतरी जिवंत आहे, डोळ्याला दिसो न दिसो. मग क्लोरीन १२ पर्यंत न्या आणि घट १ च्या आत येईस्तोवर तिथेच धरून ठेवा. शून्यापासून १२ ला जायला ५ लिटर लागतात, ४ पासून साडेतीनच्या आत. इथे रंग जुळवायचं किट कामाचं नाही, थेंब मोजायचं एफएएस-डीपीडी किट घ्या. क्लोरीन फार चढलं की रंग जुळवायच्या किटमधल्या डीपीडी रसायनाचा गुलाबी रंगच उडून जातो, आणि भरपूर क्लोरीन असलेलं पाणी शून्य दाखवतं. मग लोक आणखी ओततात.

ट्रायक्लोरच्या (क्लोरीन आणि स्टॅबिलायझर एकत्र असलेल्या) गोळ्या स्किमरमध्ये ठेवून जाण्याचा मोह होतो, कारण सोपं असतं. पंप दिवसाचे २० तास बंद असताना ती गोळी स्किमरच्या साचलेल्या पाण्यात झिजत राहते, ते पाणी कडक आम्ल होतं, आणि पंप लागला की तोच घोट पंपाच्या सीलमधून आणि पुढच्या सगळ्या धातूच्या भागांमधून जातो. शिवाय प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम स्टॅबिलायझर वाढतं.

---

ओलीपायरी

वरच्या दोघांशी थोडं असहमत. अपारदर्शक, भक्कम कव्हर असेल तर पूल जवळजवळ बंद ठेवता येतो, आणि त्यात वेळ व क्लोरीन दोन्ही वाचतं. ऊन नाही तर शेवाळ नाही, पानंही आत जात नाहीत. अट एकच, कव्हर टाकताना पाणी १५ अंशांच्या खाली आलेलं हवं. १९ ला टाकू नका, दोन-तीन आठवडे थांबा.

जाळीचं कव्हर वेगळं. त्यातून ऊन आणि बारीक माती दोन्ही जातात, म्हणून त्याखाली क्लोरीन उघड्या पूलसारखंच सांभाळावं लागतं. बुडबुड्यांचं सोलर कव्हर तर थंडीत वापरूच नये. ते पाणी उबदार ठेवतं, जे तुम्हाला नकोच आहे, आणि त्यावर कोणी पाय दिला तर ते अंगाभोवती गुंडाळतं. मुलं किंवा पाळीव प्राणी असतील त्या घरात हे फार धोक्याचं. भक्कम कव्हरवर साचलेलं पावसाचं पाणीही धोक्याचंच, चार बोटं पाण्यातही लहान मूल बुडतं. छोटा कव्हर पंप लावून ते काढत राहा, आणि कुंपणाचं दार थंडीतही कडी लावूनच.

---

साडेसात_पीएच

@ओलीपायरी, कव्हर चांगलंच, पण 'बंद' या शब्दाला माझी हरकत आहे. कव्हरखाली क्लोरीन टिकतं म्हणून लोक मोजायचं थांबतात, आणि कधीतरी ते शून्यावर येतं. मग काही जीवाणू स्टॅबिलायझर खाऊन त्याचा अमोनिया करतात. उन्हाळ्यात कव्हर उघडल्यावर पाणी स्वच्छ दिसतं, स्टॅबिलायझर गायब असतं, आणि पूल कॅनच्या कॅन क्लोरीन गिळतो तरी आकडा हलत नाही. तेव्हा कव्हर असलं तरी आठवड्यातून एकदा कोपरा उचलून फ्री क्लोरीन बघावं, आणि रोज तासभर तरी पंप चालवावा, म्हणजे घातलेलं मिसळेल.

दुसरं, जास्त क्लोरीन घातल्या घातल्या कव्हर टाकू नका. आकडा ४-५ वर येऊ द्या. नाहीतर खाली अडकलेली वाफ कव्हरचं प्लास्टिक आणि शिवण खाते.

---

वॉल्वमास्तर

कव्हरचं ठरवा तुम्ही निवांत. शून्याला टेकणाऱ्या त्या मोजक्या रात्रींचं मात्र आधी बघा. पूलमधलं ५०,००० लिटर पाणी गोठणार नाही. गोठतं ते जमिनीवरच्या वस्तूंमधलं दोन-चार लिटर: पंपाची स्ट्रेनरची भांडी, मल्टिपोर्ट, सेलचं नळकांडं आणि छपरावरचे पाइप.

सोलर पॅनेल आत्ताच रिकामी करा, थंडी पडायची वाट बघू नका. निरभ्र रात्री पॅनेल आकाशाकडे उष्णता फेकतं आणि हवेपेक्षा काही अंश खाली जातं. हवा २-३ अंश असतानाही आतलं पाणी गोठू शकतं, त्यामुळे हवामानाच्या ॲपवर विसंबू नका. खालचे दोन्ही आयसोलेशन वॉल्व बंद, ड्रेन उघडा, वरचा व्हॅक्यूम रिलीफ वॉल्व हवा आत घेतोय याची खात्री करा. तो जाम असेल तर पाणी नळीत अडकून राहतं आणि ड्रेन थेंबाथेंबाने गळतो. ड्रेन थंडीभर उघडाच ठेवा. आठवड्याने तिथे परत पाणी दिसलं तर आयसोलेशन वॉल्व किंवा नॉन-रिटर्न (उलटं पाणी अडवणारा) वॉल्व गळतोय, पॅनेल गुपचूप भरतंय.

पंपासाठी टायमरचे दोन भाग करा. २ तास दिवसा, क्लोरीन आणि पानांसाठी. २ तास पहाटे ५ ते ७, कारण हवा सर्वांत गार सूर्य उगवायच्या सुमारास असते. वाहतं पाणी सहज गोठत नाही आणि तळाकडचं पाणी हवेपेक्षा गरमच असतं. याहून चांगलं म्हणजे हवेचं तापमान ३-४ अंशांवर आलं की पंप आपोआप लावणारा फ्रॉस्ट थर्मोस्टॅट. त्याचा सेन्सर पंपाच्या उंचीवर, सावलीत हवा. ऊन लागणाऱ्या भिंतीवर बसवलेला सेन्सर संध्याकाळी उशिरापर्यंत भिंतीचीच ऊब मोजत राहतो. जमिनीवरच्या पाइपांना फोमची नळी चढवा, तीही उन्हात फुटणार नाही अशी.

हे सगळं विजेवर आहे. गोठणाऱ्या रात्री वीज जाणार असेल तर पंप बंद करा, आणि पूलची पातळी पंपापेक्षा वर असेल तर सक्शन व रिटर्नचे वॉल्व बंद करा. मग पंपाची ड्रेन बुचं काढा, बहुतेक पंपांना दोन असतात: एक स्ट्रेनरच्या भांड्याला, एक इंपेलरच्या घराच्या तळाशी. दुसरं लोक विसरतात. फिल्टरच्या तळाचंही काढा. काढलेली बुचं स्ट्रेनरच्या टोपलीतच टाकून ठेवा. पंप परत लावताना टोपली उघडावीच लागते, त्यामुळे ती हरवत नाहीत आणि बुचाशिवाय पंप सुरूही होत नाही.

झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलिन नको, पेट्रोलियमने रबर फुगतं.

---

निळाकाठ

सगळ्यांचे आभार. पंप दोन भागांत लावते आणि कव्हर पाणी १५ च्या खाली गेल्यावर. दोन शंका राहिल्या. क्लोरिनेटर आत्ताच 'मीठ कमी' असा दिवा लावतोय, मागच्या महिन्यात आकडा बरोबर होता. मीठ घालू का? आणि एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा पूल रिकामाच करून ठेवला तर?

---

वॉल्वमास्तर

रिकामा अजिबात नको. भरलेल्या पूलमधलं पाणी कवचाला खाली दाबून धरतं. जमिनीतलं पाणी पावसाने वर चढलं आणि आत काही नसलं तर कवच उचललं जातं. फायबरग्लासचा पूल अख्खा वर येतो, काँक्रीटला तडा जातो. तळाला हायड्रोस्टॅटिक वॉल्व (जमिनीतलं पाणी आत घेऊन दाब उतरवणारा) असला तरी तो वर्षानुवर्षं न हललेला, मातीने भरलेला असू शकतो. शिवाय उन्हात कोरडं पडलेलं प्लास्टर तडकतं.

---

साडेसात_पीएच

मीठ घालू नका. यंत्र मीठ मोजत नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं, आणि गार पाण्यातून ती कमी जाते. काही यंत्रं तापमानाची दुरुस्ती करतात, पण पूर्ण नाही. मिठाची पट्टी किंवा थेंबांचं किट घेऊन मोजा. ४,००० च्या आसपास आलं तर दिवा विसरा. थंडीत मीठ ओतलेल्या पूलचं उन्हाळ्यात बरंच पाणी काढावं लागतं, कारण मीठ बाहेर काढायचा दुसरा मार्गच नाही.

मीठ खरंच कमी होतं ते पावसाने. १०० मिमी पाऊस तुमच्या ४० चौरस मीटरवर ४,००० लिटर टाकतो. तेवढं पाणी काठावरून वाहून गेलं की मीठ, कॅल्शियम, अल्कलिनिटी, स्टॅबिलायझर सगळं ७-८ टक्क्यांनी उतरतं. मोठ्या पावसानंतर म्हणूनच पूर्ण चाचणी.

---

गाळणीवाला

सेलला थंडीभर सुट्टीच द्या. बरीच यंत्रं १० ते १५ अंशांच्या दरम्यान क्लोरीन बनवणं स्वतःहून थांबवतात. जी थांबवत नाहीत तीही गार पाण्यात जास्त व्होल्टेजवर चालून प्लेटवरचं रुथेनियमचं आवरण झिजवतात. यंत्राची वीज बंद करा, पंप थांबवा, युनियन (पाइपाचा उघडता येणारा सांधा) उघडून सेल काढा आणि त्या जागी डमी नळकांडं बसवा. थंडीत लिक्विड क्लोरीनवरच राहा.

प्लेटांवर पांढरा थर असेल तर १० भाग पाण्यात १ भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड, पाण्यात ॲसिड, उलटं नाही. हातमोजे, चष्मा, उघडी हवा. सेल उभा धरून मिश्रण प्लेटा बुडतील एवढं भरा, पण केबलच्या टोकाला लागू देऊ नका. बुडबुडे थांबले की काढा, साधारण ५ ते १० मिनिटं. थर नसेल तर ॲसिड लावूच नका. दर धुण्यात आवरण थोडं जातं. स्क्रूड्रायव्हरने खरवडून तर कधीच नाही.

पीएचचा प्रोब असेल तर तोही काढून पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात टोक बुडवून ठेवा. कोरडा पडला किंवा डिस्टिल्ड पाण्यात ठेवला तर वाया गेला. सेल परत लावायचा तो पाणी सलग आठवडाभर १६ अंशांवर राहिल्यानंतर, आणि त्याच दिवशी पीएच ७.८ वरून ७.५ ला आणा. सेलच्या प्लेटांजवळ पीएच आधीच चढा असतो, थंडीत वाढवलेलं कॅल्शियम तिथेच थर धरेल.